शिकलगाराची साण

आठवीच्या वर्गात उर्दूच्या धड्यात 'सैकल' हा शब्द आला. मी अर्थ सांगितला : धातू घासूनपुसून त्याला झळाळी आणणे. हे काम करणारा तो सैकलगर, आणि हाच सैकलगर आपल्या मराठी मुलखात येऊन शिकलगार झाला. मागच्या बाकावर याच आडनावाचा एक मुलगा बसतो. सगळा वर्ग मागे वळून त्याच्याकडे पाहू लागला. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "सर, आम्ही नाही लावत धार. अब्बांचं मोबाइलचं दुकान आहे."

मला वाईट वाटलं. शब्द मूळचा अरबी, फारसीतून उर्दूत आला आणि शायरीत त्याला मोठा मान मिळाला. पूर्वी आरसे काचेचे नव्हे, पोलादाचे असत. ते घासून चकचकीत ठेवावे लागत, म्हणून आरसा आणि सैकल ही जोडी फारसी-उर्दू कवितेत पुन्हा पुन्हा भेटते. पोलादावर दिसणाऱ्या लाटांसारख्या नक्षीला म्हणत 'जौहर'. तोच शब्द आज आपण माणसाच्या अंगच्या गुणांसाठी वापरतो. म्हणजे कारागिराचे शब्द मैफलीत जाऊन बसले आणि कारागीर मात्र रस्त्यावर राहिला.

हे जौहरदार पोलाद आपल्या दख्खनचंच. आजच्या तेलंगणातलं कोनासमुद्रम हे गाव नांदेडपासून फार लांब नाही. मराठवाड्यासारखंच तेही निजामाच्या राज्यात होतं. तिथे मातीच्या मुशीत लोखंड बंद करून, कोळशाच्या भट्टीत तासन् तास तापवून पोलादाच्या वड्या काढत. हेन्री व्हॉयसी या इंग्रजी राजवटीतल्या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते काम पाहून लिहून ठेवलं आहे. इराणचे व्यापारी तिथे मुक्काम ठोकून माल पारखून नेत. मायकेल फॅराडेनेही विजेकडे वळण्याआधी या पोलादाचं गुपित शोधण्यात काही वर्षं घालवली होती.

पण वडी म्हणजे तलवार नव्हे. लोहार ती ठोकून पातं घडवायचा. त्या पात्याला धार, झळाळी आणि जौहर द्यायचा तो शिकलगार. आणि त्याचं हत्यार? ते विकत मिळत नसे. ते तो स्वतःच बनवायचा.

त्याची साण दगडाची नव्हती. कुरुंद नावाचा एक खनिज दगड दक्षिणेत सापडतो. कठीणपणात त्याच्या वर फक्त हिरा. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द आपल्याकडच्याच या नावावरून गेला. कुरुंद कुटून, चाळून त्याची पूड करायची. लाख वितळवायची, तीत पूड मिसळायची, गरम असतानाच मळून तिची जाड चकती थापायची. जाड पुडीची साण खरवडायला, बारीक पुडीची झळाळीला. ही चकती लाकडी आसावर बसवायची आणि आस दोन खुंट्यांच्या मध्ये. आसाला चामड्याची वादी गुंडाळून तिची दोन टोकं समोर बसलेल्या माणसाने आळीपाळीने ओढायची. साण एकदा पुढे फिरते, एकदा मागे. कंपनीच्या काळातल्या चित्रांत अशी जोडी दिसते : एक पातं धरणारा, एक वादी ओढणारा. साण झिजली की लाख पुन्हा तापवायची, नवी पूड घालायची. टाकून द्यायचं काहीच नाही.

या लाखेची खरी करामत मला माझ्या भाच्यामुळे कळली. तो डिप्लोमा झालेला आहे, आणि व्हिडिओ पाहून त्याला सुऱ्या बनवायचा नाद लागला आहे. भंगारातून आणलेला रुळाचा तुकडा ही त्याची ऐरण. ट्रकचं जुनं ब्रेकड्रम आणि केस वाळवायचं मशीन ही त्याची भट्टी आणि भाता. जुन्या वॉशिंग मशीनच्या मोटारीवर पॉलिशपेपरचा पट्टा चढवून त्याने घासायचं यंत्र केलं आहे. लोक त्याचं कौतुक करतात, मीही करतो. पण त्याची पहिली सुरी फसली. ट्रकच्या कमानपाट्याच्या तुकड्यातून त्याने ती घडवली होती, तेलात विझवून छान पाणीही दिलं होतं. मग ती पट्ट्यावर घासताना टोक निळं झालं. "मामू, रंग किती भारी आलाय बघा!" म्हणून तो मलाच दाखवायला आला. कांदा कापून पाहिला तर दोन दिवसांत टोकाची धार बोथट.

निळा रंग म्हणजे पोलाद साधारण तीनशे अंशांपर्यंत तापलं. सुरीचं पाणी तिथे उतरतं. लाख मात्र ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडते. म्हणून शिकलगाराला साणेवर पाणी शिंपडत, दमानं काम करावंच लागे. घाई केली तर पातं बिघडण्याआधी साणच ओघळू लागायची. थर्मामीटर नसलेल्या माणसाच्या हत्यारातच इशारा बसवलेला होता. हे कुणी ठरवून केलं की आपसूक झालं, ते सोडून द्या. पिढ्यान् पिढ्या पाती त्यामुळे वाचली असणार. आता भाचा पट्ट्याजवळ पाण्याची बादली ठेवतो.

मग ही साण गेली कुठे? एक तर गिऱ्हाईक गेलं. १८५७ नंतर शस्त्रं गोळा झाली, १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याशिवाय तलवार बाळगणं बंद झालं. संस्थानांत थोडं काम उरलं असेल, बाकीचे विळी, कात्री, अडकित्ता, वस्तरा याकडे वळले. दुसरं म्हणजे १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने विजेच्या भट्टीत कार्बोरंडम तयार केलं. नावात कुरुंद तसाच राहिला, पण चाक कारखान्यातून तयार येऊ लागलं. सायकलच्या पायडलवर फिरणारं जे चाक आपण गल्लीत पाहतो, ते या नव्या जातीचं. त्या माणसाशी आपण दहा रुपयांवरून घासाघीस करतो आणि भाच्याच्या सुरीला मात्र 'हँडमेड' म्हणून हजार रुपये देतो.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. कायदा आणि तापमान पोरांच्या डोक्यावरून गेलं, लाखेची गोष्ट मात्र आवडली. तो मुलगा काही बोलला नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत तो शिक्षकखोलीच्या दाराशी आला. पिशवीत हातभर लांबीचं काळं लाकूड. दादांनी माळ्यावर ठेवलं होतं म्हणाला. मधोमध वादीने घासून गुळगुळीत झालेली खाच होती, बोट ठेवलं की नेमकं आत बसायचं. एका टोकाला लाखेचा खडबडीत तुकडा अजून चिकटलेला.

"ठेवून घेऊ का शाळेत?" मी विचारलं.

"नाही सर," तो म्हणाला, "दादांनी फक्त दाखवायला दिलंय. संध्याकाळी परत न्यायचंय."