पाण्यात पडलं की पोहता येतं?

आज आपण एका जुन्या म्हणण्याची झाडाझडती घेऊ: 'पाण्यात पडलं की पोहता येतं.' मी सहा वर्षांचा असताना माझ्या मामाने ते शब्दशः खरं मानलं आणि मला आजोळच्या विहिरीत ढकललं. लगेच बाहेर काढलं, सगळे हसले. पुढचे दोन उन्हाळे मी त्या विहिरीकडे फिरकलो नाही.

शेवटी आजोबांनी मनावर घेतलं. पहिले काही दिवस त्यांनी मला पाण्यालगतच्या पायरीवर नुसतं बसवलं. पाय पाण्यात, हात त्यांच्या हातात. मग तोंडावर पाणी, मग नाक बुडवून बुडबुडे. त्यानंतर कुठे पाठीला पांगाऱ्याचा बिंडा आला. पांगाऱ्याचं वाळलेलं लाकूड फार हलकं, पोराला सहज तरंगत ठेवतं. दर दोन-चार दिवसांनी आजोबा त्यातलं एक लाकूड कमी करत.

ही काही आमच्या घरची युक्ती नव्हे. महाराष्ट्रात पांगारा आणि वाळका भोपळा, पुढे पत्र्याचा बंद डबा, मग ट्रॅक्टरची ट्यूब. बंगालमध्ये केळीचा खुंट. वस्तू बदलल्या, रीत एकच: आधार द्यायचा आणि थोडा थोडा काढून घ्यायचा.

याच बंगालमधलं एक उदाहरण बघा. आरती साहा, जन्म १९४०, कोलकाता. चार वर्षांची असताना ती काकांबरोबर चांपातला घाटावर आंघोळीला जाई आणि तिथेच पोहायला शिकली. घाट म्हणजे पायऱ्या. मूल आपल्या धीराप्रमाणे एकेक पायरी उतरतं. मुलीची ओढ पाहून वडिलांनी तिला हाटखोला क्लबात घातलं. तिथे तिला सचिन नाग यांनी घडवलं. हेच नाग १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई खेळांत १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकले. १९५२ मध्ये आरती हेलसिंकी ऑलिंपिकला गेली, तेव्हा ती अवघी अकरा वर्षांची होती. ऑगस्ट १९५९ मध्ये इंग्लिश खाडीचा तिचा पहिला प्रयत्न फसला. महिन्याभराने, २९ सप्टेंबरला, ती पुन्हा उतरली आणि १६ तास २० मिनिटांत पार झाली. खाडी पोहणारी आशियातली ती पहिली स्त्री. या सगळ्याची सुरुवात मात्र काकांबरोबरच्या आंघोळीने झाली होती.

अलीकडे बांगलादेशात लहान मुलांचं बुडणं कमी व्हावं म्हणून गावच्या तळ्यांत बांबूचे मचाण आणि कठडे बांधून पोहणं शिकवलं गेलं. घाटाच्या पायरीचंच काम तिथे बांबूने केलं.

मग ते म्हणणं टिकलं कसं? याचं उत्तर मला खूप वर्षांनी आजीने दिलं. मामालाही आजोबांनी असाच बिंडा बांधून शिकवलं होतं. त्याला ते आठवतच नव्हतं. आठवत होती ती फक्त पहिली उडी. पोहायला आलं की माणूस बिंडा विसरतो, आणि पुढच्या पोराला धक्का देतो.

तेव्हा मंडळी, या उन्हाळ्यात पोराला पाण्याकडे नेलंत, तर घाई करू नका. आधी पायरीवर बसवा. आणि बिंडा असो की ट्यूब, तुमचा हात त्याच्यापर्यंत पोचेल इतक्याच अंतरावर राहा. आजोबा शेवटच्या दिवसापर्यंत माझ्याबरोबर पाण्यातच होते.