वासना, हत्या आणि सिंहली चित्रपट

सिंहली चित्रपटाचा इतिहास सांगताना लेस्टर जेम्स पेरिस यांच्या 1956 मधील ‘रेखाव’पासून त्या कलेच्या उन्नतीची कहाणी अभिमानाने सांगावी, आणि शतकाच्या अखेरच्या दशकात ‘केवळ प्रौढांसाठी’ असा शिक्का मिरवीत आलेल्या कामुक रहस्यपटांपाशी पोहोचताच नाक मुरडून प्रकरण मिटवावे, असा सहसा प्रघात आहे. हा सोवळेपणा मला पटत नाही. कारण वासना आणि हत्या हा विषय त्या चित्रसृष्टीला अवनतीच्या काळातच सुचला असे मुळीच नाही.

वसंत ओबेसेकर यांनी 1983 साली काढलेला ‘दडयम’ हा चित्रपट 1959 साली सिलोनात गाजलेल्या एका खुनावर आधारलेला आहे. लग्नाच्या आणाभाकांना भुललेली खेड्यातली मुलगी आणि तिचा उपभोग घेऊन नंतर तिला वाटेतून दूर करू पाहणारा प्रतिष्ठित पुरुष, एवढ्याच ऐवजावर स्वर्णा मल्लवाराच्ची आणि रवींद्र रंदेनिया यांनी जे नाट्य उभे केले, त्याच्या अखेरीस निर्जन अरण्यात मोटार त्या स्त्रीच्या अंगावर चालून येते, तेव्हा प्रेक्षकाला शृंगाराची नव्हे, शिकारीची शिसारी येते. दोनच वर्षांनी धर्मसिरी बंदरनायक यांच्या ‘सुद्दिलागे कथाव’त हीच अभिनेत्री, नवरा तुरुंगात गेल्यावर पोटासाठी गावातील पुरुषांना जवळ करणारी स्त्री झाली. देह तिथेही होता. पण त्या देहामागे भूक होती, गाव होते, सत्ता होती.

मग बिघडले काय? 1979 साली, दीड कोटीहून कमी वस्तीच्या त्या बेटावर, वर्षाकाठी सुमारे साडेसात कोटी तिकिटे खपली. आणि त्याच वर्षी तेथे दूरचित्रवाणी आली. वितरणाची मक्तेदारी 1972 पासून सरकारी महामंडळाच्या हाती असल्याने तयार चित्रपट प्रदर्शनासाठी रांगेत तिष्ठत पडत. 1983 च्या जुलैतील तमिळविरोधी दंगलीत हेंडलचा विजया स्टुडिओ जळाला, 1987 ते 1989 च्या बंडाळीत रात्री घराबाहेर पडणे जिवावरचे झाले, आणि 1988 च्या फेब्रुवारीत लोकप्रिय नट विजय कुमारतुंग यांची गोळ्या घालून हत्या झाली. बायकामुलांसह येणारे कुटुंब जे घरात बसले, ते पुन्हा फारसे परतले नाही. उरला तो एकटादुकटा तरुण, आणि निर्मात्याने हिशेब मांडला तो त्याच्याच खिशाचा. एक बंगला, चार नटनट्या, एक प्रेत, एवढ्या भांडवलात चित्रपट उभा राहू लागला. त्यांतील बहुतेक टाकाऊ होते, हे मान्य. पण त्यांनीच कित्येक चित्रगृहांचे वीजबिल भागवले, हेही दप्तरी नोंदवले पाहिजे.

महामंडळाची वितरणावरील मक्तेदारी उठली ती 2000 साली. तोवर अनेक चित्रगृहे बंद पडली होती. त्याचा दोष एकट्या कामुक चित्रपटांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.