केळ्यांच्या घडाची खुर्ची

बर्फाच्या डोंगरावर स्की करणाऱ्यांना उचलून नेणारी लोंबती खुर्ची, म्हणजे चेअरलिफ्ट, हिचं कुळ केळ्यांचं.

1936 साली अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेने आयडाहोत सन व्हॅली हे हिवाळी विश्रामस्थळ उभारायला घेतलं. कंपनीचे अध्यक्ष अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांना गाड्यांना प्रवासी हवे होते, आणि पैसेवाला पाहुणा पाय दुखवत डोंगर चढणार नव्हता. ओमाहाच्या कार्यालयात जिम करन नावाचे अभियंते होते. जहाजावर केळी चढवणारी यंत्रणा त्यांना चांगली ठाऊक होती: सतत फिरणारा दोर, त्याला आकडे, प्रत्येक आकड्याला एक घड. करन यांनी आराखड्यात आकड्याच्या जागी खुर्ची काढली.

वरिष्ठांना हे काम जोखमीचं वाटलं. तरीही ते चित्र चार्ल्स प्रॉक्टर या स्कीपटूच्या नजरेस पडलं आणि त्याने ते उचलून धरलं. मग ओमाहात भर उन्हाळ्यात चाचणी झाली. ट्रकच्या बाजूला खुर्ची बांधली, बर्फाऐवजी गवताचा पेंढा पसरला आणि चालत्या खुर्चीत माणूस किती वेगापर्यंत सुखरूप बसू शकतो, हे ताडून पाहिलं. त्याच वर्षाच्या अखेरीस सन व्हॅलीत खुर्च्या फिरू लागल्या.

खुर्चीत माणूस आला, पण यंत्राचा स्वभाव मालवाहूच राहिला. दोर सुरू करणं आणि थांबवणं टोकाशी बसलेल्या कामगाराच्या हाती. बसणाऱ्यापाशी ना कळ, ना उतरायची वाट. केळ्यांच्या घडाला मधेच उतरायचं नसतं, त्यामुळे तशी सोय मुळात कुणाला सुचायचं कारणच नव्हतं.

अ‍ॅडम ग्रीन या दिग्दर्शकाने 2010 सालच्या ‘फ्रोझन’ सिनेमात नेमकं इथेच बोट ठेवलं. रविवारची शेवटची फेरी. तीन तरुण खुर्चीत. कामगारांची पाळी बदलताना निरोपात घोटाळा होतो, दोर थांबतो, दिवे विझतात. स्की-केंद्र पुन्हा उघडणार थेट शुक्रवारी. वर गारठा, खाली लांडगे, आणि जवळपास सगळा सिनेमा त्या एका खुर्चीत. चित्रीकरणही यूटा राज्यातल्या डोंगरावर, खऱ्या लिफ्टवर झालं. या गोष्टीत दुष्ट माणूस कुणी नाही. आहे ती फक्त केंद्र बंद करायची वेळ.

हे केवळ पडद्यावरच घडतं असं नाही. 10 एप्रिल 2022 रोजी झारखंडात देवघरजवळच्या त्रिकूट डोंगरावर रोपवे बिघडला. डब्यांत अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने काढायला चाळीस तासांहून अधिक वेळ लागला. तिघे दगावले.

यवतमाळ जिल्ह्यात बर्फ नाही, पण उंचावर बसून खालच्या जनावराची चाहूल घेत रात्र काढणं इथल्या शेतकऱ्याला नवं नाही. तूर-हरभऱ्याच्या दिवसांत रानडुकरं आणि रोही पीक फस्त करतात, म्हणून कडाक्याच्या थंडीत मचाणावर जागल करावीच लागते. 2016 ते 2018 या काळात पांढरकवडा, राळेगाव भागात या जागलीला वेगळीच धास्ती चिकटली. टी-1 म्हणजे ‘अवनी’ या वाघिणीच्या नावावर तेरा बळी लागले होते. तिला शोधायला हत्ती आणले, ड्रोन उडवले. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ ती गोळीने मारली गेली आणि त्यावरून पुढे बरंच वादळ उठलं. त्या दोन वर्षांत अंधार पडल्यावर शेतात पाऊल टाकायला माणसं कचरत होती.

तरी मचाण आणि ती खुर्ची यांत एक फरक आहे. मचाण माणसाने स्वतःसाठी बांधलं. उतरावं की उजाडेपर्यंत थांबावं, हे जागल करणारा स्वतः ठरवतो. निर्णय चुकला तरी त्याचाच असतो. सिनेमातल्या खुर्चीत बसलेल्या तिघांना तेवढंही नाही. यवतमाळात कुणी असा सिनेमा काढायचं मनावर घेतलं, तर बर्फ आणायची गरज नाही. मचाणाची शिडी काढून घेतली की झालं.