यंत्र, कायदा आणि माणूस : सोलापूरच्या जुन्या गिरणीची कथा



यंत्र आले की गरिबाचे पोट गेले, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. उलट, यंत्र आले की भरभराट आली, असे सांगणारेही थोडे नाहीत. यांपैकी खरे कोणते? उत्तर शोधायला मंद्रूपकरांनी फार दूर जायला नको. विजापूर रस्त्याने सोलापूर गाठले की पुरे. तेथील जुन्या गिरणीचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते की यंत्र स्वतः होऊन काहीच ठरवीत नाही. ते कोणी, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या देखरेखीखाली चालवावे, हे माणसे ठरवितात.

१८६० साली रेल्वे सोलापुरात आली. १८७४ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन झाली आणि १८७७ साली तिची गिरणी सुरू झाली. हीच पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेली. ते दिवस भीषण दुष्काळाचे होते. पाऊस दगा देई तेव्हा कोरडवाहू गावांतील माणसाला शहराची वाट धरावी लागे. शहरात साळी, कोष्टी, पद्मशाली आणि मोमीन यांचे हातमाग होतेच. हातमागवाला गिरणीचे सूत घेऊन विणत राहिला. पण चरख्यावर सूत काढणाऱ्या बायाबापड्यांचा धंदा बुडाला. म्हणजे एकाच यंत्राने एकाला हात दिला आणि दुसऱ्याचा घास काढून घेतला.

आता कामाच्या तासांचे पाहा. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामास बंदी केली. याचा अर्थ आठ वर्षांचे मूल गिरणीत चालत होते! प्रौढ पुरुषाच्या तासांना तर मर्यादाच नव्हती. सूर्य मावळला की काम थांबे, हाच काय तो आधार. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि तो आधारही गेला. मुंबईच्या काही गिरण्यांत दिवसाचे काम पंधरा तासांवर गेले. कामगारांनी ओरड केली, चौकशी झाली आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ साली आठवड्याचे साठ तास, १९३४ साली चोपन्न आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस झाले. दिव्याने दिवस वाढविला; कायद्याने तो पुन्हा आखूड केला.

हे कायदे कोणी दान म्हणून दिले नाहीत. गिरणीच्या वस्तीत एकत्र आलेला माणूस बोलू लागला, संघटित झाला. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर पेटले तेव्हा गिरणी कामगार रस्त्यावर होते. सरकारने लष्करी कायदा पुकारला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे फासावर गेले. त्यांतील कुर्बान हुसेन हे कामगारांत वावरणारे पत्रकार होते, हे विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

स्वातंत्र्यानंतरचा प्रसंग तर अधिकच विलक्षण आहे. २७ जुलै १९४९ रोजी जुन्या गिरणीच्या संचालकांनी नोटीस लावली आणि २७ ऑगस्टला गिरणी बंद केली. यंत्रे जागेवर होती, कामगार दारात होते. बिघडला होता तो कारभार. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला आणि एप्रिलमध्ये संसदेने खास या एका कंपनीसाठी कायदा केला. एका भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात विचारले, की साऱ्या देशात आमच्याच गिरणीवर कायदा का? डिसेंबर १९५० मध्ये तिघांविरुद्ध दोघे अशा निकालाने कायदा टिकला. परंतु द्वारकादास श्रीनिवास खटल्यात डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने उलट निकाल दिला : भरपाई न देता मालमत्तेचा ताबा घेता येणार नाही. अखेर १९५५ साली चौथी घटनादुरुस्ती झाली आणि सार्वजनिक हितासाठी किंवा नीट कारभारासाठी ठरावीक मुदतीपुरते व्यवस्थापन हाती घेण्याच्या कायद्यांना संरक्षण मिळाले. सोलापूरच्या गिरणीचे भांडण देशाच्या घटनेपर्यंत पोहोचले, ते असे.

मग गिरणी वाचली काय? नाही. ती पुढे कायमची बंद पडली आणि शहरातील इतर मोठ्या गिरण्याही एकामागून एक थंडावल्या. चादरी आणि टॉवेल यंत्रमागावर, लहान लहान शेडमध्ये निघू लागले. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला किमान दहा कामगारांची अट होती. त्याहून लहान शेड कक्षेबाहेर राही. हातमागासाठी १९८५ च्या कायद्याने काही वाण राखून ठेवले. आरंभी बावीस प्रकार होते, पुढे ते अकरावर आले. यावरून दोन गोष्टी कळतात : कायद्यावाचून यंत्र मोकाट सुटते आणि अंमलाशिवाय कायदा कागदावर राहतो.

आज धुराडे आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यातच उभे आहे. फताटेवाडीच्या औष्णिक वीज केंद्राचे ६६० मेगावॉटचे दोन संच अनुक्रमे २०१७ आणि २०१९ साली सुरू झाले. त्यांना कोळसा लागतो, तसेच उजनीचे पाणीही लागते. देशातील अशा केंद्रांच्या धुरावर सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये कडक मर्यादा घातल्या. मुदत वारंवार वाढली आणि २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना गंधकवायूच्या मर्यादेतून सूटही मिळाली. वीज आपल्याला हवीच आहे. पण पाणी किती, धूर किती आणि राख कोठे, हे विचारण्याचा हक्कही आपलाच आहे.

म्हणून विद्यार्थीमित्रांनो, यंत्राला भिऊ नका आणि त्याची पूजाही करू नका. ते चालवायला शिका, दुरुस्त करायला शिका. त्याचबरोबर कामाच्या तासांचा कायदा, कंपनीचा ताळेबंद आणि ग्रामसभेपुढे आलेला कागदही वाचायला शिका. १९४९ च्या त्या सकाळी दारात उभ्या असलेल्या कामगाराला माग चालविता येत होता, नोटीस मात्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत असेल. आपल्या मुलामुलींवर ती पाळी येऊ नये, यासाठीच तर शाळा असतात.