पत्त्यांवरचे असुर, नाग आणि आल्फ

अबुल फझलाच्या ‘ऐन-इ-अकबरी’ ग्रंथांत वऱ्हाड सुभ्याची हकीकत आहे. एलिचपूर, नर्नाळा, गाविलगड हीं आपल्या परिचयाचीं स्थळें तींत येतात. त्याच ग्रंथांत गंजिफांचें वर्णन आहे, त्याकडे मात्र आपल्या इतिहासप्रेमी मंडळींचें लक्ष क्वचित् जातें. जुन्या खेळांत बारा रंग आणि प्रत्येक रंगाचीं बारा, अशीं 144 पानें असत. अश्वपति, गजपति, नरपति येथवर सारा दरबारच होय. परंतु अखेरीस सुरपति, असुरपति, वनपति आणि अहिपति येतात, आणि देव, असुर, श्वापदें व सर्प आपापल्या राजा-प्रधानांसह खेळांत उतरतात. पुढें रूढ झालेल्या मोगली गंजिफांत आठच रंग व 96 पानें राहिलीं, आणि ही अमानुष प्रजा बाहेर पडली.

आपल्याकडे तिची जागा दशावतारांनीं घेतली. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं रंगविलेल्या या गंजिफांत दहा रंग, 120 पानें. मूठभर गोल पानावर पुराण मावणार कसें? चिताऱ्यानें खुणा योजिल्या: मत्स्याला मासा, कूर्माला कांसव, वामनाला कमंडलु, परशुरामाला परशु. हातांतल्या पानांच्या पंख्यांत ती खूण एका दृष्टिक्षेपांत ओळखूं आली पाहिजे, हीच खरी कसोटी. शिवाय पुराण चित्रापुरतेंच राहिलें नाहीं. दिवसा खेळ मांडला तर पहिली उतारी रामाची, रात्रीं कृष्णाची. एकाचा जन्म माध्यान्हीं, दुसऱ्याचा मध्यरात्रीं, हें ठाऊक असलेल्याला हा नियम पाठ करावा लागत नसे!

हल्लींच्या पाश्चात्य खेळांतही हेंच चाललें आहे. 1993 सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळांत 2021 सालीं ‘काल्डहाइम’ नांवाचा संच आला, त्याचा आधार नॉर्स पुराणें. त्या पुराणांतले आल्फ मोठे चकवे आहेत. तेराव्या शतकांतला आइसलँडचा पंडित स्नोरी त्यांचे उजळ व काळे असे दोन वर्ग सांगतो. आल्फांचें घर आल्फहाइम हें फ्रेय देवाला पहिला दांत आला तेव्हां आहेर म्हणून मिळालें. सिग्व्हात कवि अकराव्या शतकांत स्वीडनकडे जात असतां, घरांत आल्फांचा बलिविधि चालू आहे म्हणून एका गृहिणीनें त्याला दारांतूनच परतविलें. मात्र टोंकदार कानांचा या जुन्या साहित्यांत पत्ता नाहीं. तो अलीकडच्या चित्रकारांचा अलंकार. ‘काल्डहाइम’च्या कर्त्यांनीं कान ठेवले खरे, पण आल्फ हे पदच्युत झालेले पूर्वींचे देव होत ही कल्पना घेतली. जुन्या काव्यांत देव आणि आल्फ यांचा उच्चार वारंवार जोडीनें होतो. तेव्हां ही कल्पना अगदींच निराधार नव्हे.

आमच्या अमरावती-अकोल्याकडील एखाद्या तरुणानें असा खेळ रचावयाचें मनांत आणलें, तर त्याला साती आसरांची आठवण व्हावी. विहिरीवर किंवा नदीकांठीं शेंदूर फांसलेले सात दगड, एवढेंच त्यांचें रूप. ‘अप्सरा’ शब्दाचीच ही लेक. पण स्वर्गींची नर्तकी येथें पाण्याची धाक घालणारी देवता झाली आहे. तिला एकटी लावण्यवती काढलें तर आसरा उरत नाहीं, कारण त्या सात आहेत आणि त्यांना मुखवटा नाहीं. आल्फांना नैवेद्य दाखविणारें घर आज क्वचितच सांपडेल. आसरांना दाखविणारीं घरें आहेत, आणि हें पान त्यांच्याही हातीं पडणार. दशावतारी गंजिफा खेळणारे रामनवमीचा उपासही करीत, आणि त्याच हातांनीं रामाचें पान उतरीत.