मेजावरची मैफल

दिवाळी संपली म्हणजे मुलें किल्ल्यावरचे मावळे उचलून पुन्हा पेटींत ठेवतात आणि किल्ल्याची माती अंगणांत पसरून टाकतात. मावळे वर्षानुवर्षें टिकतात. किल्ला मात्र दरवर्षीं नवा. वस्तुसंग्रहालयांतील कांचेच्या कपाटांसमोर उभें राहिलें म्हणजे आम्हांस ही पेटी हटकून आठवते. तेथें जें मांडलेलें असतें तें पेटींतलें; ज्यावर तें एके काळीं उभें होतें तो किल्ला कोठें गेला, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत दोन चिमुकले वाद्यवृंद जन्मास आले, एक पोर्सेलिनच्या माकडांचा व दुसरा लांकडी देवदूतांचा. त्यांच्यापुरती तरी ही चौकशी करून पाहावी असें आम्हांस वाटलें.

ड्रेस्डेन ही सॅक्सनीची राजधानी. तिच्याजवळच मायसेन येथें १७१० सालीं पोर्सेलिनचा कारखाना निघाला. चिनी कारागिरांनीं शतकानुशतकें राखलेलें गुह्य युरोपास प्रथम साधलें तें ह्याच प्रांतांत. १७३१ सालीं योहान योआखिम केंडलर हा मूर्तिकार ह्या कारखान्यांत आला व १७७५ सालीं मरेपर्यंत तेथेंच राबला. त्याच्या हांतून उतरलेल्या असंख्य पुतळ्यांत १७५३ च्या सुमाराचा माकडांचा वाद्यवृंद विशेष गाजला. एकेका माकडाची उंची वीतभरहि नाहीं. पण अंगांत भरजरी दरबारी पोशाख, डोक्यावर केसांचा टोप आणि चेहऱ्यावर उस्तादाची गंभीर मुद्रा! कोणी व्हायोलिन छेडीत आहे, कोणी बासरी फुंकीत आहे, कोणाच्या कांखेंत मशकबाजा आहे. गाणाऱ्या माकडिणी स्वरलिपीचे कागद हातीं धरून आहेत. आणि वृंदाचा नायक हात उंचावून सर्वांस ताल देत आहे. ह्या सर्वांत आमचें लक्ष वेधून घेतो तो एक हमाल. तो बिचारा स्वतः कांहींच वाजवीत नाहीं. त्याच्या पाठीवर नगारे लादलेले आहेत, आणि ते बडविणारा दुसराच आहे. पंधराव्या लुईची प्रियतमा मादाम द पोंपादूर हिनें १७५३ सालींच पॅरिसच्या एका व्यापाऱ्याकडून एकोणीस माकडांची मैफल विकत घेतल्याची नोंद आढळते. पुढें १७६५ च्या सुमारास हा संच पुन्हा नव्यानें घडविण्यांत आला.

आज हीं माकडें कपाटांत एका रांगेंत, शाळेंतील मुलांप्रमाणें, उभीं केलेलीं दिसतात. परंतु असलीं चित्रें कपाटासाठीं होत नसत. मेजवानीच्या अखेरीस फळें व मिठाई येई, त्या वेळीं मेजावर एक संपूर्ण देखावा मांडण्याची तत्कालीन दरबारांत चाल होती. पूर्वीं हे देखावे साखरेचे असत व तें काम राजवाड्यांतील हलवायाचें असे. साखर दमट हवेंत पाझरते, तिचे कंगोरे झडतात. म्हणून हळूहळू तिच्या जागीं पोर्सेलिन आलें. तरीहि पुतळ्यांचा सांभाळ हलवायाच्या कोठीकडेच राहिला. दरबारच्या लेखीं ती मिठाईचीच एक जात होती! मेजाच्या मध्यभागीं आरसे आंथरून तळीं करीत, रंगीत साखरेनें वाफे आंखीत, मध्यें मंदिरें व कारंजीं उभारीत, आणि त्या बागेंत हीं चिमुकलीं माणसें व जनावरें नांदत. सॅक्सनीचा मुख्य प्रधान काउंट ब्र्यूल ह्यानें १७४८ सालीं दिलेल्या एका मेजवानीचें वर्णन इंग्लंडचा वकील सर चार्ल्स हॅनबरी विल्यम्स ह्यानें लिहून ठेविलें आहे. एकाच मेजाशीं दोनशेंसहा पाहुणे बसले होते, आणि मधोमध रोम शहरांतील एका प्रसिद्ध कारंजाची आठ फूट उंचीची प्रतिकृति असून तिच्यांतून सारा वेळ गुलाबपाणी वाहत होतें.

ह्या मेजाचा एक विशेष असा कीं, त्यास पुढचा भाग व मागचा भाग नाहीं. नाट्यगृहांत प्रेक्षक एका बाजूस असतो. येथें तो चोहोंकडे असे. म्हणून पुतळ्यांची पाठहि पोटाइतकीच नेटकी असावी लागे. कपाटांत भिंतीशीं टेकलेल्या माकडांच्या कोटाच्या मागच्या चुण्या कोण पाहणार?

आतां ह्या संचाविषयीं एक आख्यायिका फार प्रसृत आहे: केंडलरनें ड्रेस्डेनच्या दरबारी वाद्यवृंदाची ह्यांत टवाळी केली, असें म्हणतात. आम्हांस ती पटत नाहीं. माणसाचीं सोंगें आणणारीं माकडें रंगविण्याची हौस त्या काळीं फ्रान्समध्यें बोकाळलेली होती, आणि केंडलरला बीज तेथूनच मिळालें असावें. शिवाय, ड्रेस्डेनचा वाद्यवृंद हंसण्यासारखा नव्हता. योहान आडोल्फ हासे ह्याच्या नेतृत्वाखालीं तो युरोपांत नांवाजला गेला. रूसोनें १७६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या संगीतकोशांत वाद्यांची मांडणी कशी असावी ह्याचा आदर्श म्हणून ह्याच वृंदाचा आराखडा छापला आहे. मध्यभागीं नायकाचें हार्प्सिकॉर्ड, एका टोंकास साथीचें दुसरें, आणि कर्णे व नगारे दोन्ही कडांच्या उंच चौथऱ्यांवर, अशी ती बैठक होती. थट्टा असलीच तर ती वादकांची नव्हे. मेजाभोंवतीं टोप घालून बसलेले दोनशें पाहुणे आणि मेजावर टोप घालून बसलेलीं वीस माकडें एकमेकांसमोर आणून पाहा, म्हणजे कोण कोणाची नक्कल करीत आहे तें सांगावें लागत नाहीं. भोंवतालचे पाहुणे उठून गेले. तेव्हां तो विनोदहि त्यांच्याबरोबर गेला.

ते उठले तेहि कांहीं सुखासुखी नव्हे. ब्र्यूलच्या अमदानींत दरबाराचा थाट वाढला आणि सैन्य घटलें. १७५६ च्या आगस्टांत प्रशियाचा राजा फ्रेडरिक सॅक्सनींत घुसला. आक्टोबरांत पिर्ना येथें सॅक्सन सैन्य शरण गेलें. मायसेनचा कारखाना शत्रूच्या हातीं पडला. ब्र्यूल राजासह वॉर्साला निघून गेला. १७५८ सालीं त्याचा फोर्टन येथील वाडा प्रशियनांनीं जाळला, आणि १७६३ सालीं, युद्ध संपलें त्याच वर्षीं, तो वारला.

त्या थाटाचा पैका एका काळीं ज्या डोंगरांतून येई, ते एर्त्सगेबिर्ग, म्हणजे खनिजांचे डोंगर, सॅक्सनीच्या दक्षिण सीमेवर आहेत. फ्रायबर्ग येथें ११६८ सालीं चांदी सांपडली तेव्हांपासून पिढ्यानपिढ्या तेथील लोक खाणींत उतरत आले. पुढें खाणी आटूं लागल्या. झायफेन गांवची कथिलाची खाण १८४९ सालीं बंद पडली. खाणकऱ्यांनीं चरक धरला व ते लांकडी खेळणीं करूं लागले. घरोघर बायकामुलेंहि रंगकामास बसत, आणि मजुरी पोटापुरतीहि मिळेना. ह्याच डोंगरांतील ग्र्युनहाइनिखेन गांवीं १९१५ सालीं, महायुद्ध चालूं असतां, ग्रेटे व्हेंट व ग्रेटे क्यून ह्या दोन तरुणींनीं एक लहानसा कारखाना काढला. १९२३ सालीं, म्हणजे जर्मनींत नोटांस रद्दीची किंमत आली त्या सालीं, तेथें पहिले वादक देवदूत निघाले: आंखुड पांढरा सदरा, अनवाणी पाय, आणि हिरव्या पंखांवर नेमके अकरा पांढरे ठिपके. हळूहळू प्रत्येकाच्या हातीं निराळें वाद्य आलें.

ह्यांचा रंगमंच माकडांच्या मंचाहून अगदीं वेगळा. नाताळांत हे देवदूत खिडकींत वा भिंतीशीं मांडतात. प्रेक्षक एकाच बाजूस. सर्व वादक सारख्या उंचीचे. सपाटीवर ठेविले तर पहिल्या रांगेमागें दुसरी झांकून जाते. म्हणून पायऱ्या आल्या. मध्यें मेरीमाता आणि तिच्या भोंवतीं पायरीपायरीनें चढत गेलेले देवदूत, अशी मांडणी १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनांत सुवर्णपदकास पात्र ठरली. त्याच प्रदर्शनांत जर्मनीचा गरुड आणि रशियाची हातोडा-कोयता उचललेली जोडी समोरासमोर उभीं होतीं. पदक मिळविणारे देवदूत त्या गरुडाच्याच देशाचे, हें ध्यानीं आलें म्हणजे मन थोडें चरकतें. १९७२ सालीं पूर्व जर्मनीच्या सरकारनें कारखाना ताब्यांत घेतला. १९९० सालीं तो पुन्हा घराण्याकडे आला. घरोघर दरवर्षीं एखादा देवदूत आणून वृंद वाढविण्याची हौस आजहि आहे, आणि पायऱ्याहि विकत मिळतात. सण सरला कीं वादकांबरोबर त्याहि गुंडाळून ठेवतात.

माकडें मायसेनला आजहि होतात, पण तीं महाग. म्हणून बहुतेक हौशी लोक एकेक करून घेतात, आणि जुने संच लिलावांत फुटून नगारे एका घरीं व नगारेवाला दुसऱ्या देशांत असेंहि होतें. कोणाच्या घरीं पांचसात जरी जमलीं असलीं तरी त्यांस फळीवर ओळीनें उभें करूं नये. जेवणाच्या मेजावर मधोमध एक गोल आरसा ठेवावा, त्याच्या कडेनें सर्वांस बसवावें, नायकाला मध्यें घ्यावें. मग मंडळीनें भोंवतीं बसून फळें खावींत. आणि हमालाच्या मागें नगारेवाला उभा केला आहे ना, तेवढें पाहून घ्यावें.