टी-शर्टवरचं वाक्य आणि आतलं लेबल

परवा आमच्या मंडळाची बैठक झाली. विषय एकच होता आणि त्यावर दीड तास भांडण झालं. यंदाच्या दौडीला टी-शर्ट छापायचे की नाही? पोस्ट मोठी आहे, पण साताऱ्यातल्या आणि आसपासच्या मंडळांनी वेळ काढून वाचावी ही विनंती.

आधी गेल्या वर्षीचा हिशेब सांगतो. तो मीच ठेवला होता, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह बांधायचं म्हणून आम्ही दौड ठेवली. वर्गणी आणि प्रवेश फी मिळून ५८ हजार जमले. त्यातले २१ हजार टी-शर्टला गेले, १५० नग, १४० रुपये भावानं. मांडव, स्पीकर, पाणी, केळी यांत ९ हजार गेले. शाळेच्या हातात पडले २८ हजार. पावतीवर मात्र आम्ही "शाळेसाठी" असंच छापलं होतं. त्या पैशात पाया आणि निम्म्या भिंती झाल्या. छप्पर अजून बाकी आहे. "तिच्या शाळेसाठी मी धावतो" असं पाठीवर लिहिलेले ते टी-शर्ट घालून पोरं मैदानावर क्रिकेट खेळताना रोज दिसतात.

बैठकीत एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "सर, टी-शर्ट नसता तर निम्मी पोरं आलीच नसती." त्याचं खोटं नाही. मी गप्प बसलो. पण आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलाय, त्यामुळे घरी आल्यावर तोच किडा डोक्यात वळवळायला लागला. चांगलं काम अंगावर मिरवायची ही रीत आली कुठून?

तर रीत टी-शर्टपेक्षा बरीच जुनी आहे. १७८७ साली लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी एक समिती स्थापन झाली. चिनी मातीच्या भांड्यांचा नामांकित कारखानदार जोसाया वेजवुड त्या समितीत होता. त्यानं एक छोटं पदक घडवून घेतलं. त्यावर साखळदंडानं बांधलेला, गुडघ्यावर बसलेला आफ्रिकी माणूस आणि भोवती एक प्रश्न: मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का? बायकांनी ते बांगड्यांत बसवलं, केसांच्या पिनांना लावलं. बघता बघता त्याची फॅशन झाली. १७८८ साली वेजवुडनं काही पदकं अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनला पाठवली. उत्तम लिहिलेल्या पत्रकाइतकाच याचा परिणाम होईल, असं फ्रँकलिननं कळवलं.

आता यातला पेच बघा. त्या काळी ब्रिटनला येणाऱ्या कापसाचा मोठा हिस्सा वेस्ट इंडीजच्या मळ्यांतून, म्हणजे गुलामांच्याच हातून यायचा. चहात पडणारी साखरही तिथलीच. म्हणजे बांगडीवर गुलामाची दया आणि कपात गुलामाची साखर. हे काही लोकांच्या लक्षात आलं. १७९१ पासून हजारो घरांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली. पुढे १८२०च्या दशकात तर "ही साखर हिंदुस्थानची आहे, गुलामांनी केलेली नाही" अशा अर्थाची अक्षरं असलेली साखरदाणी इंग्लंडमध्ये विकली जाऊ लागली. गुलामांचा व्यापार कायद्यानं बंद झाला १८०७ साली. त्यामागे अर्ज होते, सह्या होत्या, संसदेतली लढाई होती, खुद्द गुलामांचे उठाव होते. पदकाचा वाटा होताच, पण पदकापाशी न थांबता लोक कपातल्या साखरेपर्यंत गेले, ही गोष्ट मला मोठी वाटते.

आता आपल्याकडे येऊ. साताऱ्यात १८२८ साली जन्मलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका. पुण्यात वकिली केली, १८७० मध्ये सार्वजनिक सभा उभी केली, पुढे वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र घ्यायला पुढे आले ते हेच. १८७२ साली त्यांनी स्वदेशी कापडच वापरायचं व्रत घेतलं. १८७७ च्या जानेवारीत लॉर्ड लिटननं दिल्लीला दरबार भरवला. इकडे दख्खनमध्ये दुष्काळानं माणसं मरत होती आणि तिकडे राणीला सम्राज्ञी जाहीर करायचा थाट चालला होता. राजेरजवाडे हिरेमाणकं लेवून बसलेले. त्यांत सभेचे प्रतिनिधी म्हणून काका गेले ते हातसुताच्या पांढऱ्याशुभ्र खादीत. हिंदी लोकांना ब्रिटिश प्रजेसारखाच राजकीय आणि सामाजिक दर्जा द्या, ही मागणी त्यांनी तिथं मांडली. गांधींचा चरखा यायला अजून चाळीसेक वर्षं होती.

काकांच्या अंगावर एक अक्षर छापलेलं नव्हतं. तरी ते काय म्हणतायत ते दरबाराला कळत होतं, कारण जे म्हणायचं होतं त्याचंच ते कापड होतं. शिवाय काका एकट्याच्या व्रतावर थांबले नाहीत, देशी मालाची दुकानं निघावीत म्हणून खपले.

टी-शर्टची जन्मकथा मात्र अगदी साधी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी नौदलात गणवेशाच्या आत घालायचा हा सुती बनियन. बाहेर घालायचा कपडा म्हणून तो रुळला दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५१ साली मार्लन ब्रँडोनं सिनेमात घातला आणि तरुणांना त्याचं वेड लागलं. राजकीय घोषणा छापलेल्या सुरुवातीच्या टी-शर्टांपैकी एक अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तो १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीतला, थॉमस ड्युई या उमेदवाराच्या प्रचाराचा. ड्युई हरले, ट्रुमन निवडून आले. छातीवरच्या अक्षरांनी मतं मिळतातच असं नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं!

मोठ्या अक्षरांच्या घोषणेचा टी-शर्ट जगभर गाजवला तो कॅथरिन हॅम्नेट या ब्रिटिश डिझायनर बाईंनी. १९८४ च्या मार्चमध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी फॅशनवाल्यांना घरी बोलावलं होतं. हॅम्नेटबाई वर कोट घालून आत गेल्या. थॅचरबाईंशी हस्तांदोलन करायची वेळ आली तेव्हा कोट बाजूला केला. आत लांबलचक टी-शर्ट, त्यावर मजकूर असा की ५८ टक्के लोकांना पर्शिंग क्षेपणास्त्रं नको आहेत. फोटो सगळीकडे छापून आला. थॅचर काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. आमच्याकडे पर्शिंग नाहीतच, क्रूझ आहेत, असं त्यांनी तिथल्या तिथं सुनावलं.

बहुतेक लोक ही गोष्ट इथंच थांबवतात. माझ्या मते खरी गोष्ट पुढे आहे. १९८९ च्या सुमारास हॅम्नेटबाईंनी स्वतःचाच धंदा तपासायला घेतला. आपला कपडा ज्या कापसाचा, तो पिकवताना काय होतं? कीटकनाशकं किती लागतात, फवारणाऱ्यांचं काय होतं? जे कळलं त्यानं त्या हादरल्या. मग पुढची कित्येक वर्षं सेंद्रिय कापसासाठी आणि कामगारांच्या बऱ्या वागणुकीसाठी त्या आपल्याच क्षेत्रातल्या लोकांशी भांडत राहिल्या. लोकांच्या छातीवर वाक्यं छापणाऱ्या बाईनं शर्ट उलटा करून आतलं लेबल वाचलं, असं म्हणा.

हा विषय आपल्यापासून लांब नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात होते. आपण "शेतकरी वाचवा" छापलेला टी-शर्ट घालतो, त्याचा कापूस कुठून आला हे कधी विचारलंय? मीही नाही.

आता दोन अलीकडची उदाहरणं, कारण आमच्या मंडळाची चूक मला त्यात दिसली.

२०१४ साली ब्रिटनमध्ये फॉसेट सोसायटी या स्त्री-हक्क संस्थेसाठी ४५ पौंडांचा टी-शर्ट निघाला. घालणारा स्त्रीवादी आहे, अशा अर्थाचं वाक्य त्यावर होतं. मोठमोठ्या पुढाऱ्यांनी तो घालून फोटो काढले. मग एका वृत्तपत्रानं छापलं की तो मॉरिशसच्या कारखान्यात शिवला जातो आणि तिथल्या बायकांना तासाला ६२ पेन्स मिळतात. संस्थेनं चौकशी केली आणि नियम पाळले जात असल्याचे पुरावे आम्हाला मिळाले, असं सांगितलं. तो वाद आहे, मी निवाडा देत नाही. पण हा प्रश्न शर्ट विकून झाल्यावर निघाला, विकायच्या आधी नाही.

२०१९ साली तसंच पुन्हा. कॉमिक रिलीफ या धर्मादाय संस्थेला मदत म्हणून स्पाइस गर्ल्स या गायिकांच्या नावाचा टी-शर्ट निघाला. किंमत १९ पौंड ४० पेन्स, त्यातले ११ पौंड ६० पेन्स स्त्री-पुरुष समानतेच्या कामाला. गार्डियननं शोधून काढलं की तो बांगलादेशात शिवला गेलाय आणि शिवणाऱ्या बायकांना तासाला ३५ पेन्स मिळतात. गायिकांनाही माहीत नव्हतं, संस्थेलाही नव्हतं. मागवणारा एक, पुरवणारा दुसरा, शिवणारा तिसरा. ही त्याच देशातली गोष्ट, जिथं २०१३ च्या एप्रिलमध्ये राणा प्लाझा ही कारखान्यांची इमारत कोसळून ११३४ माणसं गेली होती.

आता मला सांगा, आमचे १४० रुपयांचे टी-शर्ट कुणी शिवले? ऑर्डर देताना मी दुकानदाराला सहज विचारलं होतं, एवढ्या भावात परवडतं कसं? तो म्हणाला, "सर, माल तिरुपूरहून येतो. पुढचं मला काय माहीत?" मी मान हलवली आणि ॲडव्हान्स दिला. कदाचित शिवणाऱ्यांना चांगला पगार असेल. कदाचित नसेल. मुलींच्या शाळेसाठी पळणाऱ्या आमच्यापैकी एकालाही ते शोधावंसं वाटलं नाही, मलाही नाही.

"मग काय सगळंच सोडायचं का सर?" असं तो कार्यकर्ता विचारेल. याचं उत्तर आपल्याच इतिहासात सापडतं. १९३५ साली गांधींच्या लक्षात आलं की खादी विकली जातेय, पण सूत कातणाऱ्या बाईला दिवसाकाठी मिळणाऱ्या पैशात तिचं पोट भरत नाही. वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबा तर स्वतः कातून, त्या मजुरीत भागतं का हे जगून पाहत होते. गांधींनी चरखा संघापुढे आग्रह धरला की आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळायला हवेत. आतूनच विरोध झाला. खादी महाग होईल, कोण घेईल, खप बसेल. हे सगळे मुद्दे खरे होते. आठ आण्यांपर्यंत काही मजल गेली नाही, सुरुवात त्याहून बरीच खालून झाली. पण किमान मजुरीचं तत्त्व संघानं मान्य केलं आणि दर वाढवले. खादी महागली ती महागली. चळवळीच्याच कपड्याला चळवळीच्याच माणसांनी विचारलं, तुला शिवणारीला, कातणारीला काय मिळतं? माझ्या वाचनात यापेक्षा प्रामाणिक हिशेब क्वचित आलाय.

म्हणून रविवारच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे.

एक, वर्गणीतला एक रुपयाही कपड्याला जाणार नाही. ज्याला टी-शर्ट हवा त्यानं त्याचे पैसे वेगळे भरायचे, वेगळ्या पावतीवर.

दोन, ज्यांच्याकडे गेल्या वर्षीचा टी-शर्ट आहे त्यांनी तोच घालून यायचं. वाक्य तेच आहे, काम तेच आहे, आणि ते पूर्णही झालेलं नाही.

तीन, नव्या लोकांना ओळख म्हणून दंडाला बांधायची कापडी पट्टी. ती गावातल्या बचत गटाच्या बायकांकडून शिवून घ्यायची, आणि दर आपण पाडायचा नाही, त्यांनी सांगायचा. महाग पडली तर पट्ट्या कमी घेऊ.

पोरं कमी येतील का? येतीलही. ही भीती मला आहे, लपवत नाही. २८ हजारांऐवजी यंदा २५च हजार मिळाले तर लोक मलाच बोलतील. पण गेल्या वर्षी आमचे जे २१ हजार टी-शर्टात गेले, त्यात मिस्त्रीनं सांगितलेलं पत्र्याचं छप्पर झालं असतं आणि वर दाराचे पैसे उरले असते. त्या शाळेतल्या सातवीच्या मुली यंदा आठवीला दुसरीकडे गेल्या. त्यांना आपण बांधतोय ते काही वापरायला मिळालं नाही.

रविवारी संध्याकाळी ६ वाजता, नेहमीच्या जागी. ज्यांना पटत नाही त्यांनी तर जरूर यावं. गेल्या वर्षीचा सगळा हिशेब उद्या मंडळाच्या फळ्यावर लावतोय, टी-शर्टच्या बिलासकट.